संगणक फॉरमॅट करण्याआधी: ‘सी ड्राइव्हमध्ये काही नाही’ हे कितपत खरे असते?

संगणक मंद झाला, व्हायरस शिरला किंवा विंडोज सुरूच होईना, की दुरुस्तीच्या दुकानात एक ठरलेला उपाय सुचवला जातो : ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू.’ पाठोपाठ प्रश्न येतो, ‘सी मध्ये काही नाही ना?’ यावर बहुतेक जण ‘नाही, सगळे डी मध्ये आहे’ असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर मनापासून दिलेले असते, पण बहुधा अर्धेच खरे असते. डेस्कटॉपवरच्या फाइल, हिशेबाचा डेटा, मराठी फॉन्ट आणि स्कॅन केलेली कागदपत्रे नेमकी सी ड्राइव्हमध्येच पडून असतात आणि ती गेल्याचे फॉरमॅट झाल्यावर कळते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या बाजारपेठेच्या गावात हा प्रश्न एका माणसापुरता राहत नाही. कृषी केंद्राच्या संगणकात खरिपाच्या बियाण्या-खतांच्या उधारीची खाती असतात. डीटीपीच्या दुकानात अनेक वर्षांच्या लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके साठलेली असतात. फोटो स्टुडिओत लग्नांचे मूळ फोटो, तर ऑनलाइन सेवा केंद्रात लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रे असतात. गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या सुसज्ज प्रयोगशाळा मात्र पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आहेत, त्यांचा खर्च हजारो रुपयांत जातो आणि यशाची खात्री कोणी देत नाही. म्हणून सगळी काळजी फॉरमॅटचे बटण दाबण्याआधीच घ्यावी लागते.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने देण्याची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे अनेक जुन्या संगणकांवर नव्याने विंडोज टाकण्याची वेळ आली आहे. त्याआधी बॅकअप कसा घ्यावा, कशाचा घ्यावा आणि तो खरा आहे हे कसे तपासावे, याची ही माहिती.

पार्टिशन आणि फॉरमॅट म्हणजे काय?

हार्ड डिस्क हे एक शेत मानले, तर पार्टिशन म्हणजे बांध घालून पाडलेले त्याचे हिस्से. सी, डी, ई ही त्या हिश्श्यांची नावे. बांध कितीही घातले तरी जमीन एकच असते. तसेच ड्राइव्ह तीन दिसले तरी आतली डिस्क बहुधा एकच असते.

प्रत्येक पार्टिशनमध्ये एक नोंदवही असते. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात आहे, हे तीत लिहिलेले असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत या नोंदवहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. फॉरमॅट केले की ही नोंदवही कोरी होते.

फॉरमॅटचे दोन प्रकार आहेत. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त नोंदवही नव्याने मांडली जाते. जुन्या फाइलचा मजकूर डिस्कवर तसाच असतो, पण त्याचा पत्ता हरवलेला असतो आणि ती जागा ‘मोकळी’ समजून तिच्यावर नवीन फाइल लिहिल्या जातात. फुल फॉरमॅटचे तसे नाही. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट संपूर्ण पार्टिशनवर शून्ये लिहीत जाते. त्यानंतर जुने काही परत मिळण्याची आशा धरू नये.

नवीन विंडोज टाकताना होणारे फॉरमॅट सहसा क्विक प्रकारचे असते. पण लगेच त्याच जागेवर नव्या विंडोजच्या कित्येक जीबी फाइल येऊन बसतात. म्हणजे नांगरट आणि पेरणी एकाच दिवशी होते. जुने शोधायला फारसा वाव उरत नाही.

एसएसडी असेल तर परिस्थिती आणखी कडक आहे. मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवण्याची ‘ट्रिम’ नावाची सोय विंडोजमध्ये असते. ती सुरू असली की क्विक फॉरमॅटनंतरही एसएसडी जुना मजकूर आपणहून साफ करून टाकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ‘रिकव्हरी’ करून मिळालेल्या फाइलींच्या गोष्टी एसएसडीला लागू पडत नाहीत.

डी ड्राइव्हमध्ये ठेवले म्हणजे बॅकअप झाला का?

नाही. फाइल सी मधून उचलून डी मध्ये ठेवली, तर तिची जागा बदलली. प्रत वाढली नाही. डिस्कच बिघडली तर सी आणि डी दोन्ही एकदम जातात. बॅकअप म्हणजे वेगळ्या वस्तूवर असलेली दुसरी प्रत. ती वस्तू पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, दुसरा संगणक किंवा ऑनलाइन साठवण यांपैकी काहीही असू शकते.

दुसरा धोका चुकीच्या पार्टिशनवर बोट पडण्याचा. विंडोज टाकताना जो पडदा येतो, त्यावर सी, डी अशी ओळखीची अक्षरे नसतात. तिथे ‘डिस्क ०, पार्टिशन १’, ‘पार्टिशन २’ अशी यादी आणि प्रत्येकाचा आकार दिसतो. सी आणि डी जवळपास सारख्याच आकाराचे असतील, तर घाईत डी फॉरमॅट होऊ शकतो. काही वेळा ‘जागा कमी पडते’ म्हणून सगळीच पार्टिशन काढून टाकली जातात आणि मग डी मधलेही काही उरत नाही.

यावर साधा उपाय आहे. फॉरमॅटच्या आधी ‘धिस पीसी’ उघडून प्रत्येक ड्राइव्हचा एकूण आकार आणि मोकळी जागा कागदावर लिहून घ्यावी किंवा त्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढावा. ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘रिनेम’मधून त्यांना वेगळी नावेही देता येतात. बॅकअप घेतलेली बाहेरची डिस्क विंडोज टाकण्यापूर्वी काढून ठेवावी. ती जोडलेली राहिली तर यादीत तीही दिसते आणि चुकून तीच निवडली जाऊ शकते.

सी ड्राइव्हमध्ये काय काय दडलेले असते?

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे एक घर असते. ते सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये, त्याच्या नावाच्या फोल्डरात असते. संगणकावर दोन-तीन जणांची खाती असतील तर त्यांची घरेही तिथेच असतात. बॅकअप घेताना सगळ्यांची घ्यावी लागतात.

• डेस्कटॉप. समोर दिसतो म्हणून तो वेगळा वाटतो, पण तो सी मधलाच एक फोल्डर आहे. सर्वांत जास्त फाइल इथेच जातात.

• डाउनलोड्स. ब्राउझरमधून आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेल्या फाइल इथे येतात. पावत्या, विवरणपत्रे, ग्राहकांनी पाठवलेले फोटो यातच असतात.

• डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स. जागा मुद्दाम बदललेली नसेल तर अनेक स्कॅनर स्कॅन केलेली पाने इथेच साठवतात.

• ईमेल. आउटलुक वापरत असल्यास जुन्या पत्रांची पीएसटी प्रकारची फाइल बहुधा डॉक्युमेंट्सच्या आत ‘आउटलुक फाइल्स’ नावाच्या फोल्डरात असते.

• ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. हे ‘अ‍ॅप-डेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतात. मात्र तो फोल्डर नुसता उचलून नेला तर पासवर्ड सहसा उघडत नाहीत, कारण ते त्या विंडोज खात्याशी बांधून कुलूपबंद केलेले असतात. म्हणून ब्राउझरमध्ये खाते जोडून सिंक करावे, नाहीतर पासवर्डची यादी एक्सपोर्ट करून घ्यावी. ही यादी कोणालाही वाचता येते. काम झाल्यावर ती पुसून टाकावी.

• स्टिकी नोट्स. डेस्कटॉपवर पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहिलेले फोन नंबर आणि खाते क्रमांकही याच लपलेल्या भागात असतात. ते वहीत उतरवून घेणे सर्वांत सोपे.

वनड्राइव्ह सुरू असलेल्या संगणकात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथे फाइलशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर ती फाइल फक्त ऑनलाइन आहे. संगणकावर तिचे नावच आहे. हिरवी खूण असेल तर ती संगणकावरही आहे. गोल फिरणारे बाण दिसत असतील तर तिचे वर जाणे अजून चालू आहे. अशा अवस्थेत फॉरमॅट केल्यास ती कुठेच उरणार नाही.

मराठी फॉन्ट : हमखास विसरली जाणारी वस्तू

इंग्रजीत काम करणाऱ्याला हा प्रश्न क्वचितच पडतो. मराठी डीटीपीवाल्याला मात्र हमखास पडतो. फाइल सुखरूप असते, पण उघडल्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते.

याचे कारण जुन्या फॉन्टच्या रचनेत आहे. युनिकोड या प्रमाणात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही संगणकावर मराठीच दिसतो. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट विंडोजसोबत येऊ लागला. पण त्याआधीपासून आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे छपाईचे काम पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती, कृतीदेव अशा फॉन्टवर चालत आले. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फॉन्ट फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे रूप देतो. फॉन्ट गेला की ते रूपही जाते.

सगळे फॉन्ट सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरच्या आत ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात असतात. फॉरमॅटमध्ये ते पूर्ण जातात. त्यामुळे काम डी मध्ये ठेवणाऱ्याच्याही पत्रिका उघडेनाशा होतात. तोच फॉन्ट पुन्हा मिळाला तर काम भागते, पण त्याच नावाच्या दुसऱ्या आवृत्तीत एखादे जोडाक्षर वेगळ्या जागी असले की सगळी पाने पुन्हा तपासावी लागतात.

म्हणून फॉरमॅटच्या आधी चार कामे करावीत.

पहिले, ‘फॉन्ट्स’ फोल्डरातल्या सर्व फॉन्टची बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी. २०१८ नंतरच्या विंडोजमध्ये फॉन्ट एकाच वापरकर्त्यासाठी टाकण्याचीही सोय आहे. असे फॉन्ट त्या वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅप-डेटा’मध्ये वेगळ्या फोल्डरात बसतात, तेही घ्यावेत.

दुसरे, फॉन्टचे मूळ पॅकेज, त्याची सीडी, परवाना क्रमांक आणि डोंगल जागेवर आहे याची खात्री करावी. टायपिंगचा कीबोर्ड फॉन्टच्या पॅकेजमधून येतो. नुसती फॉन्टची फाइल असली तर जुने वाचता येईल, पण नवे टाइप करता येईलच असे नाही.

तिसरे, ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम केले त्याचा सेटअप शोधून ठेवावा. पेजमेकरची शेवटची प्रमुख आवृत्ती ७.० ही २००१ मध्ये आली, त्यानंतर नवी आलीच नाही. तिची सीडी हरवली असेल तर हे फॉरमॅटच्या आधी कळलेले बरे. पेजमेकरच्या फाइलमध्ये चित्रे अनेकदा जोडलेली असतात, भरलेली नसतात. त्यामुळे चित्रांचे फोल्डरही सोबत हवेत.

चौथे, महत्त्वाच्या कामांची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्ये बसवण्याचा पर्याय निवडला तर तो मजकूर कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसतो आणि छापता येतो. जुना मजकूर कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्येही आणता येतो. मात्र रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात.

दुकानाचे हिशेब आणि सरकारी कामाची साधने

टॅलीचा डेटा अनेक संगणकांवर सी ड्राइव्हमध्येच असतो. तो नेमका कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नये. टॅली उघडून डेटाचा मार्ग पाहावा. मग टॅलीच्या आतल्या ‘बॅकअप’ पर्यायाने प्रत घ्यावी आणि टॅली बंद करून डेटाचा संपूर्ण फोल्डरही वेगळा उचलून ठेवावा. दोन्ही असले तर एकात गडबड निघाली तरी दुसरा हाताशी असतो. कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल तर तो लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. तो विसरल्यास बॅकअप असूनही हिशेब उघडत नाहीत.

हे फक्त सोयीचे नाही, कायद्याचेही आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाचे हिशेब डिसेंबर २०३० अखेरपर्यंत हाताशी हवेत. इतक्या काळात एखादा संगणक एकदा तरी फॉरमॅट होतोच. शिवाय उधारीचे खाते हरवले तर नुकसान दोन्ही बाजूंचे होते. सोयाबीन विकून पैसे भरून गेलेल्या शेतकऱ्याची जमा नोंद नसेल, तर त्याच्या हातातली पावतीच काय तो पुरावा उरते.

डिजिटल सहीचे प्रमाणपत्र यूएसबी टोकनमध्ये असेल तर फॉरमॅटने ते जात नाही. पण टोकन चालवणारे सॉफ्टवेअर जाते. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राच्या आरडी सर्व्हिसचेही तसेच. प्रिंटर, स्कॅनर आणि वायफायचे ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावेत. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर नव्या विंडोजला इंटरनेट मिळत नाही आणि इंटरनेटशिवाय ड्रायव्हर उतरवता येत नाही. अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केले की बहुतेकदा काम होते.

सेवा केंद्रातल्या लोकांच्या कागदपत्रांबाबत उलटी काळजी हवी. आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले यांच्या ज्या प्रती काम संपल्यावर नको आहेत, त्या बॅकअपमध्ये नेऊ नयेत, आधीच पुसाव्यात. बॅकअपची डिस्क हरवली तर ही कागदपत्रे परक्याच्या हाती जातात.

किती जागा, किती वेळ?

यूजर्स फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की आकार कळतो. समजा, तो १०० जीबी भरला. सेकंदाला १०० एमबी वेगाने लिहिणाऱ्या यूएसबी ३ च्या बाहेरच्या डिस्कवर तो साधारण १७ मिनिटांत जातो. जुन्या यूएसबी २ च्या सॉकेटला सेकंदाला ३० एमबी वेग धरला तर जवळपास एक तास लागतो. हजारो लहान फाइल असतील तर वेळ यापेक्षा बराच वाढतो. हेच १०० जीबी १० एमबीपीएस अपलोडच्या इंटरनेटने वर पाठवायचे तर न थांबता सुमारे २२ तास लागतात. वीज आणि नेटवर्क दोन्ही अधूनमधून जाणाऱ्या ठिकाणी पहिली प्रत बाहेरच्या डिस्कवरच घ्यावी. ऑनलाइन साठवण निवडक, महत्त्वाच्या फाइलसाठी वापरावी. गुगल खात्यासोबत १५ जीबी आणि वनड्राइव्हसोबत ५ जीबी जागा मोफत मिळते. गुगलच्या जागेत जीमेल आणि फोटोही धरलेले असतात.

पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाच्या व्हिडिओला हीच अडचण येते. पेनड्राइव्ह आधी रिकामा करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की ती दूर होते. वर्षानुवर्षे जपायच्या गोष्टींसाठी पेनड्राइव्हवर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

फाइल ‘कट’ करून नेऊ नयेत, ‘कॉपी’ कराव्यात. कट करताना मध्येच वीज गेली तर काही फाइल इकडे, काही तिकडे आणि एखादी अर्धवट राहू शकते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम वीज स्थिर असण्याच्या वेळी करावे. संगणकात व्हायरस असल्यास बॅकअपची डिस्क नव्या विंडोजला जोडल्यावर आधी ती स्कॅन करावी आणि जुने प्रोग्रॅम तिथून परत आणू नयेत. फक्त स्वतःच्या फाइल आणाव्यात.

प्रत खरी आहे का, हे कसे तपासावे?

बॅकअप घेतला एवढ्याने काम संपत नाही. तो उघडून पाहावा लागतो. पिक्सार या अमेरिकन स्टुडिओत १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइल एका चुकीच्या आदेशाने पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट होत नव्हता हे कोणाच्या लक्षात आलेले नव्हते. काम वाचले ते गेलिन ससमन या तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. त्या घरून काम करत असल्याने चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती.

तपासणीच्या पायऱ्या सोप्या आहेत. मूळ फोल्डर आणि प्रत यांच्या ‘प्रॉपर्टीज’ शेजारी ठेवून फाइलची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवावा. मग बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून वेगवेगळ्या प्रकारच्या दहा-पंधरा फाइल उघडाव्यात : एक जुनी पत्रिका, एक फोटो, एक व्हिडिओ शेवटपर्यंत, एक एक्सेल. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर ‘रिस्टोर’ करून शेवटची नोंद दिसते का पाहावे. दुसऱ्या संगणकावर पाहण्याचा फायदा असा, की राहून गेलेला फॉन्ट तिथेच उघडकीला येतो.

संगणक सुरूच होत नसेल तर?

विंडोज बिघडले म्हणजे फाइल गेल्या असे नाही. दोन मार्ग आहेत. पहिला, लिनक्सचा ‘लाइव्ह’ पेनड्राइव्ह बनवून त्यावरून संगणक सुरू करणे. उबुंटूसारखी प्रणाली डिस्कवर काहीही न टाकता पेनड्राइव्हवरूनच चालते आणि तिथून फाइल कॉपी करता येतात. दुसरा, डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडणे. जोडल्यावर विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ असे विचारले तर नकार द्यावा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती मध्येच गायब होत असेल तर बिघाड यंत्राचा आहे. तेव्हा प्रयोग थांबवावेत. प्रत्येक प्रयत्नाने नुकसान वाढते.

बिटलॉकर ही कुलूपबंदी चालू असेल तर दोन्ही मार्गांत ४८ अंकी रिकव्हरी की लागते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ही कुलूपबंदी आपोआप सुरू होते आणि की त्या खात्यात साठते. डी ड्राइव्हही कुलूपबंद असू शकतो; सी चे फॉरमॅट झाल्यावर तो ही की मागतो. म्हणून की आधीच कागदावर उतरवावी.

फॉरमॅट झाल्यावर आठवले तर?

त्या क्षणी संगणक वापरणे थांबवावे. इंटरनेट पाहणे, काही उतरवणे यानेही जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिला जातो. आधी सी मध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर आहे का पाहावे. फॉरमॅट न करता नुसते नवे विंडोज टाकले असेल तर जुनी घरे त्यात सापडतात. हा फोल्डर काही दिवसांनी आपोआप पुसला जाऊ शकतो. तो नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्या दुसऱ्या संगणकावर चालवावे. सापडलेल्या फाइल त्याच डिस्कवर साठवू नयेत. फिरत्या हार्ड डिस्कवर काही हाती लागू शकते. एसएसडीवर शक्यता फार कमी.

फॉरमॅटच्या आधीची यादी

१. ड्राइव्हचे आकार लिहून घेणे आणि पडद्याचा फोटो काढणे.
२. यूजर्स फोल्डरमधील सर्व खाती बाहेरच्या डिस्कवर कॉपी करणे.
३. डी आणि ई मधील महत्त्वाचे फोल्डरही कॉपी करणे.
४. फॉन्ट, डोंगल, सीडी आणि परवाने एकत्र ठेवणे.
५. टॅली आणि इतर हिशेबांचा बॅकअप घेऊन पासवर्ड लिहिणे.
६. ब्राउझर सिंक करणे. पासवर्ड आणि बिटलॉकरची की जपणे.
७. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेणे.
८. दुसऱ्या संगणकावर प्रत उघडून पाहणे.
९. बाहेरची डिस्क काढून बाजूला ठेवणे आणि मगच फॉरमॅट करणे.

काम दुकानदाराकडे दिले तरी दुसऱ्यापासून आठव्या पायरीपर्यंत मालकाने शेजारी बसावे. कोणती फाइल कशासाठी आहे हे दुकानदाराला ठाऊक नसते.

फॉरमॅट झाल्यावर बॅकअपची डिस्क लगेच रिकामी करू नये. राहून गेलेली फाइल बहुधा महिन्या-दोन महिन्यांनी, गरज पडल्यावर आठवते. पुढे दैनंदिन कामासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम उपयोगी पडतो : एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी. दुसरे ठिकाण का हवे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत कार्यालयांसह फायली जळाल्या. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकानातल्या संगणकाची प्रत दुकानातल्याच कपाटात असेल तर अशा वेळी दोन्ही सोबत जातात. ती घरी ठेवली तरी पुरे. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन मानला जातो. आपल्याकडे त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपते आणि हिशेब बंद होतात. त्या संध्याकाळी एक ताजी प्रत घेऊन घरी नेण्याची सवय लावली, तर पुढचे फॉरमॅट कधीही करावे लागले तरी मागच्या वर्षांचे काम त्यात जाणार नाही.